आपण पळू

उद्याच्या सामन्यासाठी बॅटला जवसाचं तेल चोळायला घेतलं आणि त्या वासासरशी आपटे सर आठवले. शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं होतं.

आमच्या क्लबचा मोसम जोड्यांच्या सामन्यानेच सुरू होतो. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावतात आणि जोडीतलं कुणी बाद झालं की पाच धावा वजा होतात. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा माझ्या वाट्याला साठीचे सर आले. आम्ही चार धावांनी पुढे होतो. शेवटचा चेंडू मी नुसता अडवला आणि अदबीने ओरडलो, "सर, आपण पळू नका!"

"आपण पळू" एवढं ऐकून सर सुटले. "नका" त्यांना खेळपट्टीच्या मध्यावर भेटलं. तोवर यष्ट्या उडाल्या होत्या.

"वाक्य निर्दोष होतं," सर धापा टाकत म्हणाले. "सामना गेला."

तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज माझेच गुडघे कुरकुरतात, तेव्हा कळतं, माझ्या अर्ध्या वाक्यावर केवढ्या भरवशाने धावले होते ते!

उद्या माझ्या जोडीला खराडीचा एक तरुण इंजिनिअर आहे. त्याला फोनवर बजावलं, "मला खुशाल 'ए, थांब' म्हण."

तो अदबीने म्हणाला, "सर, आपण काळजी करू नका."