विहीणबाईंसाठी एक क्रियापद

परवाच्या रविवारी अमरावतीला, आमच्याच घरी, माझी तोंडी परीक्षा झाली... आणि परीक्षक होत्या कोलंबियातल्या माझ्या विहीणबाई!

आमची सून सोफिया तिकडची. लेक कामाला म्हणून गेला आणि लग्न ठरवूनच परतला. आता तिला आठवा महिना लागलाय.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण एवढा विमानप्रवास डॉक्टर नको म्हणाले... आणि तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणजे त्याही येऊ शकत नाहीत.

व्हिडिओ कॉलवर त्या हसायच्या, पण नजर सारखी लेकीवर. सोफिया मधे बसून आमचं भाषांतर करायची. आता 'तुमच्या मुलीची मी काळजी घेईन' हे त्याच मुलीच्या तोंडून तिच्या आईला सांगायचं... मला काही ते पटेना. हे माझं मीच सांगायला हवं होतं.

म्हणून मोबाईलवर स्पॅनिश सुरू केलं. आयुष्यभर शाळेत मराठीचं व्याकरण शिकवलं, क्रियापदं काय जड जाणार, असा तोरा होता. कसलं काय! आब्लो म्हणजे मी बोलते, आब्लास म्हणजे तू बोलतेस... मी, तू, आम्ही, ते, प्रत्येकाचं शेपूट वेगळं. आणि काळ बदलला की सगळी शेपटं पुन्हा नवी.

पोळ्या लाटतानाही माझं पुटपुटणं चालू. "काहून वो, बोर्डाची परीक्षा देऊन राहिली का?" आमचे हे विचारायचे.

भविष्यकाळापाशी आले तेव्हा मात्र जीव रमला. 'कुइदारे'... काळजी घेईन. आपल्या 'घेईन'सारखंच, 'मी' वेगळं म्हणायची गरज नाही. कोण घेणार ते त्या शब्दातच आलं.

तर रविवारी कॉल लागला. सोफियाला गप्प बसायला सांगितलं आणि एका दमात म्हटलं, "ला कुइदारे." तिची काळजी घेईन.

विहीणबाई स्क्रीनच्या जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "ओत्रा वेस." म्हणजे पुन्हा एकदा.

चुकलं वाटतं... म्हणून शेवटावर नीट जोर देऊन पुन्हा म्हटलं. त्यांचं परत तेच. मी परत म्हटलं, त्यांचं परत तेच! आता माझे कान गरम व्हायला लागले. एवढ्या तयारीचं हेच फळ का? शेवटी सोफियाकडे वळून विचारलं, "अगं, माझं नेमकं चुकतंय तरी काय?"

तिचे डोळे भरून आले होते. मराठी ती सासऱ्यांकडून शिकली, त्यामुळे बोलते ती अस्सल वऱ्हाडी. म्हणाली, "आई, पयल्यांदाच बरोबर होतं. तिले नुसतं आयकाचं हाय."

मी स्क्रीनकडे पाहिलं. विहीणबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. माझा राग कुठल्या कुठे पळाला... लेक इतक्या लांब, आपण जवळ नसताना बाळंत होणार. त्यांच्या जागी मी असते तर मी कुणाकुणाकडून काय काय वदवून घेतलं असतं, देव जाणे.

फोन ठेवण्याआधी, कुणी न सांगता, मी आणखी एकदा म्हटलं. सावकाश, त्यांच्याकडे बघत...

आता रोज सकाळी कॉल लागला की आधी तेवढं म्हणते. मग बाकीच्या गप्पा.