इंजिनात गेलेल्या वाती

दसऱ्याच्या सकाळी मी गाडी धुतली, इथपर्यंत ठीक होतं. पण पूजा करायची ती यंत्राची, नुसत्या पत्र्याची नव्हे, असं माझ्या डोक्यात आलं आणि बॉनेट उघडून मी इंजिनावरही नळाचा पाइप धरला. बायको दारातून म्हणाली, "अहो, इंजिनले कायले आंघोळ घालून राह्यले?" मी म्हणालो, "तुला यातलं काही कळत नाही." कळत मलाही नव्हतं. इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. देवघराकडे मात्र पाहिलंही नाही.

त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी आई आजारी पडली तेव्हा मी एकही उपास सोडला नव्हता. आई गेली. तेराव्याला सासरे म्हणाले, "देवाची मर्जी." मी भर पंगतीत ओरडलो, "तुमचा देव तुमच्या घरी ठेवा!" त्या दिवसापासून देवाशी आणि सासऱ्यांशी माझं बोलणं एकदमच बंद झालं. बायको एकटीच माहेरी जायची. आणि आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नेणार होते. "जावाईबापू, यंदा सोनं द्याले या," इतकंच म्हणाले. ज्याला आपण दुखावलं, त्यानंच आधी बोलावं याची लाज माझ्यासारख्या तोंडाळ माणसालाही वाटली.

म्हणून आम्ही यवतमाळहून फुलसावंगीला निघालो. गाडी जुनी, पेट्रोलची. सुरू होतानाच ती खोकली आणि रस्ताभर आचके देत राहिली. आर्णीच्या पुढे निंबाखाली शेंदूर लावलेला एक मारोती आहे. बायकोला पाया पडायचं होतं. मी गाडी बंद केली आणि मुद्दाम सीटवरच बसून राहिलो. ती परत आली, मी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन गरगरलं, पण पेट घेईना. पुन्हा फिरवली. ॲक्सिलरेटरवर पाय दाबून दाबून पेट्रोल पाजलं. शेवटी बॅटरीचाही आवाज बारीक व्हायला लागला. मोबाइलवर दोन मेकॅनिक शोधले. सणाच्या दिवशी कोण येतं! ऊन उतरायला लागलं होतं. माणूस उद्या ऑपरेशन टेबलावर जाणार आणि मी त्याची माफी न मागता इथे अडकलो, या विचारानं माझं डोकं फिरलं.

मी खाली उतरलो आणि सरळ मारोतीसमोर उभा राहिलो. हात खिशात. म्हणालो, "आईच्या वेळी गप्प बसलास. आताही बस. पण मी हात जोडणार नाही, सांगून ठेवतो. चालू करायची तर कर."

मागून कोणीतरी म्हणालं, "तो नाही करणार. प्लग खोला लागते."

सायकल धरून एक म्हातारे उभे होते, हँडलला आपट्याची फांदी. एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस, हे नंतर कळलं. त्यांनी मला एकदाच किल्ली फिरवायला लावली, कान दिला, वास घेतला. "फिरून राह्यली, म्हंजे स्टार्टर चांगला. पेट्रोलचा वास हाये, म्हंजे पेट्रोल येते. ठिणगीच नाही पडून राह्यली. इंजन धुतलं काय?"

बायको म्हणाली, "धुतलं ना! शाम्पू तेवढा राह्यला."

त्यांनी प्लगच्या वायरी उपटल्या. खाली चार खोल खड्डे, चारहीत पाणी. "हे आधी काढा लागीन. तसाच प्लग खोलला तं पाणी आत जाईन. कोरडा कापूस हाये काय?" भोवती कापसाचीच शेतं होती, पण फुटलेलं बोंड एक दिसेना. बायकोनं पिशवीतून कापसाच्या वातींचा स्टीलचा डबा काढला. नवरात्रभर रोज संध्याकाळी ती त्या वाती वळत होती, माहेरी कार्तिकात लावायला. मी रोज हसत होतो.

"त्या देवाच्या आहेत," मीच म्हणालो. माझं मलाच नवल वाटलं.

"मंग त्याच्याच दारात उभे आहो ना," म्हातारे म्हणाले आणि लांब वात खड्ड्यात सोडली. ती पाणी पिऊन फुगून वर आली. मग दुसरी, तिसरी. डबा रिकामा होत गेला. मग भिजलेले प्लग त्यांनी खोलले, मी पुसले, त्यांनी परत बसवले. मी सीटवर बसलो आणि सवयीनं पाय दाबला.

"पाय काढा तिथून! तुमचं काम झालं. आता तिले तिचं करू द्या."

पाय काढला. किल्ली फिरवली. दोन गचके बसले आणि इंजिन लागलं.

मी काही देण्याआधी त्यांनीच फांदीची दोन पानं तोडून माझ्या हातात ठेवली, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." दसऱ्याला वडीलधाऱ्यांना सोनं देताना वाकायचं, हे अंगात मुरलेलं. एक पान त्यांना दिलं आणि काय करतोय हे कळायच्या आत मी त्यांच्या पायाशी वाकलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. उठलो तेव्हा मारोती समोरच होता.

दुसरं पान दिवेलागणीला सासऱ्यांच्या हातात दिलं. "मामाजी, चुकलं माझं," म्हणालो. त्यांनी माझे काळे हात पाहिले आणि आपल्या हातात धरून ठेवले. ऑपरेशन नीट झालं. नसतं झालं तरी ते पान मी देऊ शकलो, यासाठी मी ऋणी राहिलो असतो. आईचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ते मी मागतच राहणार. पण पाय कुठे दाबायचा आणि कुठे काढून घ्यायचा, एवढं मात्र त्या दिवशी शिकलो.

दुसऱ्या दिवशी परतताना मी निंबाखाली थांबलो. इंजिन चालूच ठेवलं, तेवढी अक्कल आली होती. मारोतीला म्हणालो, "आईचा हिशेब अजून बाकी आहे. पण कालची मदत पोचली." हात जोडू की नको, या विचारात ते अर्धेच वर आले. बोटांवरचं ग्रीस अजून निघालं नव्हतं.

बायको खिडकीतून म्हणाली, "नसतीन जोडवत तं राहू द्या. भांडले का असेना, बोलले तं त्याच्याशी! चला आता, मले नव्यानं वाती वळा लागतीन."