अळीच्या पोटातून

आमची ही गेली, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी अन् माझा मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, त्याच्या बदनापूरच्या शेडमध्ये अळ्या चाळत बसलो होतो. तिनंच मला मदतीला पाठवल्तं. असला आडवळणी माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा न्हाई, कुठंबी लिहून देतो. सरळ हातानं कुणाला काही द्यायचं म्हणलं की त्याच्या अंगावर काटा येतो.

सगळं जग कोंबड्यांच्या खाद्यात खनिजाची पावडर मिसळतं अन् मोकळं होतं. हा न्हाई. हा गळालेली मोसंबी सडवणार, जस्ताची अन् तांब्याची पावडर सोनाराच्या काट्यावर मोजून त्यात कालवणार, ते काळ्या माशीच्या अळ्यांना चारणार, अळ्या टम्म झाल्या की वाळवणार, अन् मंग कुठं त्या कोंबडीपुढं टाकणार. एवढा कुटाणा कशाला, विचारलं तर म्हणे, "दाजी, नुसती पावडर ती चोचीनं बाजूला सारती. अळीच्या पोटातून गेली की तिला पत्ता लागत न्हाई." एकदा अंबडच्या एस्टीत शेजारच्याला दाखवायला यानं जित्या अळ्यांचा डबा उघडला. पुढच्या फाट्यावर अर्धी गाडी उतरली. हा खिडकीशी सरकून म्हणतो, "आता कशी बराबर हवा येऊन राह्यली."

माणसांनाबी तो असंच चारायचा. माझा फवारणीचा पंप पाहिजे असला तर बहिणीला सांगायचा, मंग ती मला सांगायची. मी तिथंच समोर बाजेवर बसलेला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. पण तिच्या दुखण्यात दवाखान्याच्या चकरा यानं मारल्या, अन् ती आता फार दिवस काढत न्हाई हे डॉक्टरनं याला दिवाळीतच सांगितल्तं. मला मात्र यानं सांगितलं, अशक्तपणा हाय. सगळा हिवाळा मी तिच्यावर ओरडत राह्यलो. भाकरी जाड झाली म्हणून ओरडलो, दिवसभर पडून राहती म्हणून ओरडलो. आता ते बोलणं माघारी कोण घेऊ देतं मला?

अन् कळवलं तेबी कसं, तर दहाव्याला, माझ्या लेकीच्या तोंडून. ती रडत म्हणली, मामा म्हणले बाबांना तूच सांग. मी चार लोकांत उठून त्याला म्हणलं, माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मीच बदनापूरला गेलो. तो काट्यावर पावडर मोजत होता. म्हणलं, "डॉक्टर काय म्हणला, ती काय म्हणली, तुझ्या तोंडानं सांग. मधी कुणी नको."

त्यानं दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"अक्कानंच शपथ घातल्ती, दाजी. म्हणली, ह्यांना रोजच्यासारखं ओरडू दे. हे गोड बोलाया लागले तर मला भ्या वाटंल."

एवढं बोलून तो परत काट्यावर पावडर मोजाया लागला. माझा राग गेला न्हाई, अजूनबी गेला न्हाई. पण मी उठलोबी न्हाई. म्हणलं, सांग, पहिल्यापासून सांग.