ताकासारखं पाणी

आमचे गुंडूअण्णा, म्हणजे माझे वडील, चामराजपेटेत शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. दर शनिवारी ते कावेरीकाठच्या टपरीवाल्या निंगक्काला फोन लावत आणि एकच विचारत, "पाणी चहासारखं की ताकासारखं?"

धरणातून पाणी सोडलं की नदी चहासारखी गढूळ व्हायची, मासा गळाकडे फिरकायचा नाही. अगदी नितळ झाली की त्याला माणसाची सावली दिसायची. ताकासारखं, स्वल्प धुरकट असलं तरच अण्णा रविवारी पहिल्या बसने निघत आणि संध्याकाळी अख्ख्या बसला वास देत कटला घेऊन परतत.

गुडघे गेले तशी नदी सुटली, फोन सुटला नाही. परवा अण्णांऐवजी मीच निंगक्काला फोन लावला. निंगक्का हळूच म्हणाली, "टपरी विकून दोन वर्षं झाली गं. लेकाकडे तुमच्याच शहरात, जे. पी. नगरात असते मी. अण्णांना सांगू नकोस."

मी अण्णांना म्हटलं, "ताकासारखं आहे म्हणे."

"मला शिकवू नकोस!" अण्णा खेकसले. "दोन वर्षं फोनात नदी नाही, ऑटोचे हॉर्न ऐकतोय. पण मी विचारायचं थांबवलं, तर तिचीही नदी सुटेल."