बिजाच्या पिपातली मोहाची दारू

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी यवतमाळच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर होतो. पांढरकवड्याच्या पुढे, डोंगराला लागून असलेल्या एका गोंड वस्तीत विहिरीच्या बातमीसाठी गेलो आणि एका सगाईत बसलो. मुलीची आई विधवा होती. डोंगरउतारावरच्या आपल्या जुन्या मोहांची फुलं वेचून ती दारू गाळायची. त्यात गूळ नाही, नवसागर नाही. तेव्हा दारूबंदी होती, पण त्या वस्तीत दारूशिवाय सगाई होत नसे. मुलीच्या घरची दारू वराच्या बापाने प्यायली की सोयरीक पक्की. न पिता द्रोण जमिनीवर ठेवला की मोडली.

या दिवसासाठी बाईने दोन वर्षं दारू लाकडी पिपात ठेवली होती. पीप तिच्या भावाने केलं होतं. तो बंडीची चाकं करणारा सुतार. चाकांसाठी आणलेलं बिजा नावाच्या झाडाचं लाकूड उरलं होतं, तेच त्याने वापरलं. बिजाच्या भांड्यात पाणी रंगतं हे त्याला माहीत होतं. दारूही रंगेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

द्रोणात पडली ती कोऱ्या चहाच्या रंगाची.

वराच्या बापाने द्रोण उन्हात धरला. "इहीनबाई, हे दारू होय का चाकाचं वंगण?"

वऱ्हाडी मंडळी हसली.

"दोन वर्स झोपली हाय थे," बाई म्हणाली. "झोपेतून उठल्यावर तुमचं तोंड तरी गोरं रायते का?"

"पांढरी असन तं घेतो. हे नाही." तो द्रोण ठेवायला वाकला.

भाऊ घाईने उठला. "बाई, शेजारून ताजी आणू का?"

"कायले? पोरगी शेजारची हाय का?"

द्रोण जमिनीला टेकण्याआधी तिने तो त्याच्या हातातून घेतला. चार थेंब पूर्वजांसाठी सांडले, उरलेली एका दमात प्यायली आणि सूप ओढून तूर निवडत बसली. तिला काही होतं का, हे पाहत सगळे पाऊण तास बसून राहिले. काही झालं नाही.

शेवटी वराची आजी पुढे सरकली. "आन इकडं. माहे दात गेले, जीभ हाय." ती सावकाश प्यायली, दुसऱ्यांदा द्रोण भरून घेतला, मग आपल्या मुलाकडे, वराच्या बापाकडे, वळली. "ज्या घरात दारू दोन वर्स न पेता रायते, त्या घरची पोरगी तुह्या घरात टिकन. पे."

मलाही घोटभर मिळाली. आधी तुरट, मग सुकल्या मोहाचा गोडवा. तो बराच वेळ जिभेवर राहिला.

वराच्या बापाने एक रिकामा द्रोण उचलून पुढे केला. बाईने सुपातून मान वर केली नाही.

"थांबा इवाई. आजीचं अजून झालं नाही."