रोज सकाळची फेरतपासणी

माझे बाबा दशावतारात राजा व्हायचे. आता घसा गेलाय, जवळ बसलं तरच ऐकू येतं. त्यांच्या नाटकांच्या कॅसेटी बुरशीने संपायच्या आत मी कशाबशा कॉम्प्युटरवर उतरवल्या. घात नको म्हणून सगळं एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिलं जाईल अशी सोय केली. एक गेली तर दुसरी. अख्ख्या मिठबावात माझ्याइतका सावध माणूस नाही, असं मला वाटायचं.

पण रोज सकाळी मशीन सुरू केलं की ते दोन्ही डिस्क पहिल्यापासून ताडून बघत बसायचं. जेवणवेळेपर्यंत काम रडतखडत. मी केबल बदलली. सावंतवाडीला जाऊन नवी डिस्क आणून बसवली. तरी तेच. हे मशीन एक दिवस बाबांचा आवाज घेऊन जाणार, या धास्तीने मला जेवण जाईना. शेवटी मशीनने स्वतः लिहिलेल्या नोंदी वाचल्या. रोज एकच रडगाणं: मागच्या वेळी बंद होणं पूर्ण झालं नाही, म्हणून डिस्क पुन्हा ताडून बघतोय. रोज मी माझ्या हाताने बंद करतोय आणि हे मलाच शिकवतंय! मी त्याला खोटारडं म्हटलं.

त्याच संध्याकाळी मशीन बंद व्हायला लावून मी बांगडे आणायला निघालो. पिशवी विसरली म्हणून परत फिरलो, तर बाबा टेबलाखाली ओणवे. स्क्रीन काळी झाली होती, कॉम्प्युटरचा डबा मात्र अजून घुरघुरत होता. त्यांनी पिन उपटली आणि तो मध्येच गप्प झाला.

शेजारी माडावर वीज पडून आमचा टीव्ही जळाला, तेव्हापासून आमच्याकडे ढग असो नसो, पिना काढून ठेवायची पद्धत आहे. काळी स्क्रीन म्हणजे बंद, हा बाबांचा हिशेब.

मी तडकलो. महिनाभर माझा जीव टांगणीला लावलात, म्हटलं.

"तुज्या डब्यात माजो आवाज आसा रे," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वीज पडली तर परत खंयसून हाडू?"

परत कुठून आणायचा, ही त्यांचीही धास्ती. माझा राग जागच्या जागी विरला. मशीनला खोटारडं म्हटल्याची लाजही वाटली.

आता सकाळी फेरतपासणी होत नाही. तिसरी प्रत नांदगावला बहिणीकडे ठेवलीय. संध्याकाळी बाबा आधी त्यांचं एखादं पद लावायला सांगतात आणि ते संपेपर्यंत ओठ हलवत बसतात. मग मी बंद करतो. आतला पंखा थांबेपर्यंत ते डब्याला कान लावून असतात.

"राजा निजलो," म्हणतात, आणि मगच पिन काढतात.