न घेतलेल्या धान्यावरची सही

लॉकडाऊनच्या दुसऱ्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी साडेदहाला, माझ्या विधवा काकूला गल्लीतल्या रेशन दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत यावं लागलं. वेळ मुद्दाम सांगते, कारण दुकानाच्या वहीत वेळ लिहीत नाहीत. फक्त सही घेतात.

काकू बडोद्याजवळच्या बाजव्याच्या कारखान्यातल्या मुलांना जेवणाचे डबे द्यायची. मुलं गावी गेली, डबे थांबले, पिठाचा डबाही तळाला गेला. त्यात सरकारनं जाहीर केलं, की कार्डावरचं धान्य आता फुकट. मी पत्रकं काढणारी. ही बातमी घरोघर मीच ओरडून सांगितली. कार्ड कुठंय, एवढं मात्र काकूला विचारलं नाही.

कार्ड दुकानातच होतं. बडोद्यातल्या आमच्यासारख्या जुन्या नोकरदार मराठी घरांत रेशनचा गहू आणणं म्हणजे कमीपणा. म्हणून काकू दर महिन्याला भाजी घेऊन येताना वहीत सही करायची आणि सांगायची, "आमचं कुणा गरिबाला द्या हो." सही नसली तर कार्ड रद्द होतं, हे तिला दुकानदारानंच पढवलेलं.

त्या सोमवारीही तिनं सवयीनं आधी सही केली, मग पिशवी पुढे केली.

"माल नथी आव्यो, काकी. काले आवजो." म्हणजे उद्या या.

मंगळवारी, माल तर तुम्हीच नेलात म्हणत, त्यानं सहीवर बोट ठेवलं. "तमे तो लई गयां, काकी! जुओ."

मी तिला ओढतच पुरवठा कचेरीत नेलं. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "सही तमारी ज छे ने?"

"माझीच."

"तो लखी आपो, के आटलां वर्ष माल लीधा वगर सही करी."

काकू बाहेर बाकावर बसली. "तुझ्या काकांनी जन्मभर दफ्तर सांभाळलं. एक नोंद खोटी नाही. आणि माल न घेता सह्या केल्या, हे मी लिहून देऊ?"

"नको देऊस. उद्या पोळ्या त्या दफ्तराच्याच लाट."

"जीभ आहे की सुरी, गं?" म्हणाली, आणि माझ्याच पत्रकाच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात सगळं लिहून अर्ज दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार स्कूटरवर पिशव्या घेऊन दारात. इतकी वर्षं एकदाही आला नव्हता. "घरनी वात छे, काकी. अरजी पाछी लई लो ने," म्हणत त्यानं सहीसाठी कागद पुढे केला. कागद कोरा होता.

काकूनं डब्यांचा तराजू काढला. वजन कमी भरलं.

"रस्तामां ढोळाई गयुं हशे."

"मग माझी सहीही रस्त्यातच सांडली म्हणा," काकू म्हणाली.

पिशव्या तिनं ठेवून घेतल्या. अर्ज मागे घेतला नाही, कोऱ्या कागदावर सहीही केली नाही. तिच्या वाटणीचं धान्य नेणारा तो गरीब कोण, हे मी गल्लीभर विचारलं. कुणी भेटला नाही. कचेरीनं अजून उत्तर दिलेलं नाही, आणि दिलं तरी मी ते दोनदा वाचीन.

तुमचं कार्ड कुठंय? दुकानात असेल तर आज जाऊन घरी आणा. मागच्या सगळ्या सह्या दाखवायला लावा. आणि धान्य मोजून पिशवीत पडेपर्यंत पेन हातात घेऊ नका.